आईच्या कंबरेच्या गोळ्या सुटत नाहीत, आणि त्या आणून देणारा मीच

बालाघाटचा_पोर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आयडी जुना आहे, पण आजवर नुसता वाचत आलो. मूळ गाव धारूर तालुक्यात, मी वाळूजला कंपनीत. गावी आई आणि धाकटा भाऊ.

आई ५६ वर्षांची. वडील आणि ती मिळून ऊसतोडीचा एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, १४ हंगाम. वडील जाऊन सहा वर्षं झाली. कंबर तिची फडातच गेलेली. तीन वर्षांपूर्वी दुखणं फारच वाढलं तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरांनी ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. दहा दिवसांनी आई वाफ्यांना पाणी द्यायला उभी राहिली. मला एवढा आनंद झाला की पुढच्या खेपेला गावी जाताना मीच त्या जुन्या चिठ्ठीवर पाच पाकिटं घेऊन गेलो. मग दर महिन्याला. सणाला साडी नेली नसेल, पण गोळ्या चुकल्या नाहीत.

श्रावणात ज्वारीची कोठी साफ करायला काढली. तळाशी गोडेतेलाचा डबा, आणि डब्यात रिकामी पाकिटं. एकेक पाकीट नखानं दाबून सपाट केलेलं, दहा-दहाचे गठ्ठे करून चिंधीनं बांधलेले. ४३ मोजली, पुढं मोजवेना. आमच्या आईनं आयुष्यात काही टाकून दिलेलं नाही, हेसुद्धा तिला टाकवलं नसेल. त्यातली निम्मीही मी आणलेली नव्हती.

भाऊ म्हणतो, दिवसाला १२ ते १४ होतात. एक-दोन कायम पदराच्या गाठीत. गेल्या महिन्यात मी पाकिटं नेली नाहीत, भावालाही आणू दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोट सुटलं, रात्रभर पाय आपटत होती. चुलती म्हणाली बाहेरचं आहे, लिंबू उतरवलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी गुपचूप पाकीट आणून दिलं, आणि तासाभरात आई चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. चुलतीला वाटतं लिंबाचा गुण आला.

मागच्या गुरुवारी फिट आली. अंगणात. दातांत जीभ सापडली होती.

विषय काढला की म्हणते, "मी काय दारू पिते का रं? डाक्टरनं दिलेलं औषध हाय." यावर मला काही बोलता येत नाही. चुलतभाऊ एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर घेऊन आलाय. ते रात्री गाडी घेऊन येतात, उचलून नेतात, तीन महिने भेटू देत नाहीत म्हणे. आईला असं उचलून न्यायचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदाकाठचा_वाघ | सोमवार, रात्री ११.५८

यात विचारायचं काय? गोळ्या चुलीत टाका, खोलीला कडी लावा. चार दिवस ओरडतील, पाचव्या दिवशी मोकळ्या. आमच्या मामांची दारू अशीच सोडवली.

निवासी_डॉक | मंगळवार, रात्री १.१५

वाघोबा, हे कृपा करून कुणाला सुचवू नका. दारूसुद्धा अशी कडी लावून तोडली तर माणूस दगावू शकतो. मामा वाचले, नशीब.

बालाघाटभाऊ, मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात आहे. रात्रपाळी चालू आहे म्हणून सविस्तर लिहितो. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून काही गोष्टी आजच सांगाव्यात असं वाटतं.

त्या एकत्र गोळीत सहसा ट्रामाडोल ३७.५ मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ असतं. पाकिटावर बघून घ्या. १४ गोळ्यांचा हिशोब केला तर ट्रामाडोल ५२५ आणि पॅरासिटामॉल ४५५० होतं. धडधाकट मोठ्या माणसाला ट्रामाडोल दिवसाला ४०० च्या वर देत नाहीत आणि पॅरासिटामॉल ४००० च्या वर देत नाहीत. म्हणजे दोन्ही रेषा ओलांडलेल्या आहेत. ट्रामाडोल जास्त झालं की फिट येते, काहींना ते एकदम तोडल्यावरही येते. पॅरासिटामॉल वेगळ्याच वाटेनं लिव्हर खातं, आणि ते बराच काळ काही कळू देत नाही. म्हणून फिट आलेल्या माणसाला घरी ठेवून प्रयोग नकोत. उद्याच दाखवा. डोळे पिवळे दिसले, श्वास मंद किंवा खुरडत चालला, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, हाक मारून उठत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका.

जांभया, काटा, पोट सुटणं, पायांची तडफड, हे अफूच्या जातीच्या औषधांचं तोडल्यानंतरचं चित्र आहे, ट्रामाडोल त्याच जातीचं. आम्ही त्याला विड्रॉवल म्हणतो. लिंबाचा त्यात काही दोष नाही.

आणि हे तुमच्याच घरात घडलंय असं समजू नका. सामाजिक न्याय मंत्रालयाचं देशभराचं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात अफूजन्य पदार्थ घेणारे २.०६ टक्के निघाले. हेरॉइनवाले १.१४ टक्के, आणि मेडिकलमधल्या गोळ्या-इंजेक्शनवाले ०.९६. फार अंतर नाही. पण हेरॉइन म्हटलं की पोलीस आठवतात, गोळी म्हटली की कंबर आठवते.

जाताना सगळी औषधं न्या. नैराश्याची, झोपेची गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवा. नैराश्याच्या काही गोळ्या आणि ट्रामाडोल एकमेकांशी वाईट भांडतात, झोपेच्या गोळीनं श्वास आणखी मंदावतो. आणि तोवर, डॉक्टरला दाखवेपर्यंत, गोळ्या एकदम शून्यावर आणू नका.

कोयत्याची_लेक | मंगळवार, सकाळी ६.०५

दादा, मी वडवणीकडची. माझी आईपण फडावरच होती.

एक सांगते, रागावू नका. सगळे 'व्यसन व्यसन' म्हणतील, पण आईची कंबर खरंच दुखते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, दिवसातून कितीदा ते मोजायला कुणी नसतं. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची असते. मग गोळी घ्यायची आणि चढायचं. फडावर मीठ-मिरचीसोबत गोळीचं पाकीट असतंच, आम्ही लेकरंच पळत जाऊन दुकानातून आणायचो. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या अख्ख्या राज्यानं वाचल्या. त्या ऑपरेशननंतर त्या बायका परत फडावर कशाच्या जोरावर उभ्या राहिल्या, ते कुणी विचारलं का? तुमच्या आईचंही ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना सांगा, आपण होऊन सांगा. बाया सांगत नाहीत.

दुखण्याचं काय करायचं हे न ठरवता गोळी काढून घेतली तर त्या माउलीनं करायचं काय?

बालाघाटचा_पोर | मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, झालंय. आई तेव्हा ३२ वर्षांची होती. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, लक्षातच आलं नाही. डॉकसाहेब, तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली. डोळे पांढरेच आहेत म्हणतो. मी आज रजा टाकून निघतोय.

मेडिकलवाला | मंगळवार, सकाळी १०.२०

दुकान उघडलं आणि हा धागा दिसला. आमच्या धंद्याला शिव्या पडणार हे माहीत असूनही लिहितो.

ट्रामाडोल २०१८ च्या एप्रिलपासून अंमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली आहे. शेड्यूल एच-१ मध्ये तर २०१४ पासूनच. एच-१ म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिलं की वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि नग लिहायचे, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, वाचणारा विरळा. जुन्या चिठ्ठीवर महिन्यामागून महिने देणं बसत नाही. तरी देतात. गिऱ्हाईक ओळखीचं, आई म्हातारी, पोरगा लांबून आलेला, 'नाही' कसं म्हणायचं? मीही पूर्वी दिल्यात.

तुमच्या आईला एकाच दुकानातून ४३ पाकिटं मिळाली नसणार. तालुक्याची चार दुकानं, बाजाराच्या दिवशी पाचवं, आणि कुणाकुणाची पोरं. म्हणून एका मेडिकलवाल्याशी भांडून उपयोग नाही. त्यापेक्षा आणून कोण कोण देतं ते शोधा. घरातले, भावकीतले, सालगडी. त्यांना एकत्र बसवून सांगा. आणि रिकामी पाकिटं फेकू नका, दवाखान्यात तोच सगळ्यात खरा केसपेपर.

आज_नको | मंगळवार, दुपारी १.४५

मी ३४ वर्षांचा, नांदेडकडचा. माझ्याकडं ना कंबर होती ना फड. मोटारसायकलवरून पडलो, मांडीत रॉड, आणि दुखणं थांबवायला पेन्टाझोसिनची, त्याच अफूच्या जातीची, इंजेक्शनं. रॉड निघाला, इंजेक्शनं राहिली. दंडाला आणि मांडीला टोचायला जागा उरली नाही, मांस दगडासारखं झालं. बायकोचं गंठण मोडलं आणि चोरी झाली म्हणून पोलिसांत जायला मीच पुढं होतो.

दोन गोष्टी सांगतो, पुस्तकातल्या नाहीत.

पहिली. आईला खोटारडी समजू नका. आपण खोटं बोलतोय हे त्या वेळी आपल्यालाच पटत नसतं. मला प्रत्येक वेळी खरंच दुखायचं. तोडलं की दुखणं दुप्पट होऊन येतं, त्यामुळं गोळीच औषध आहे असं शरीरच साक्ष देतं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की ही औषधं फार काळ घेतली तर दुखणं जास्त जाणवायला लागतं. ते ऐकून मी रडलो होतो.

दुसरी, ही जिवाची. मी पहिल्यांदा वीस दिवस कोरडा राहिलो आणि एकविसाव्या दिवशी जुन्या मापानंच टोचून घेतलं. ओठ निळे पडले होते म्हणे. तोडल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, जुनं माप आता विष असतं. ॲडमिट करून आणल्यावर घरात एकही पाकीट राहता कामा नये. कोठी, उतरंड, सरपण, गोठा, सगळं बघा.

मी शेवटी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, पाच आठवडे. १९८६ पासूनची संस्था आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभी केलेली. तिथं मला कुणी उचलून नेलं नाही, मीच पिशवी घेऊन गेलो. पुढं दोनदा घसरलो तेही खरं. आयडी बघा आणि समजून घ्या.

शतावरी_७७ | मंगळवार, दुपारी ३.१०

एवढी धावाधाव कशाला? आमच्या परिचयात एक वैद्य सात दिवसांच्या पुडीत कुठलंही व्यसन काढतात. पेशंटला कळतही नाही, भाजीत मिसळून द्यायची.

निवासी_डॉक | मंगळवार, दुपारी ४.००

फिट येऊन गेलेल्या, लिव्हरचं माहीत नसलेल्या बाईच्या भाजीत न सांगता काहीतरी मिसळायचं? ताई, पुडीत काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? आमच्याकडं अशा पुड्या खाऊन आलेले पेशंट बघितलेत, काहींत झोपेच्या गोळ्यांची पूड निघते. यावर मी आणखी लिहिणार नाही.

कज्जेदलाल_नाही | मंगळवार, रात्री ९.३०

त्या गाडीवाल्या केंद्राबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. व्यसनाचे आजारही त्यात येतात. माणसाची तयारी असेल तर तो स्वतःच्या सहीनं दाखल होतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम ८९ खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर दाखल करता येतं. पण त्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि हे दाखल करणं ३० दिवसांपुरतं. साखळीनं बांधणं कलम ९५ नं साफ बंद. रात्री येऊन माणूस उचलायचा आणि तीन महिने नातेवाइकांना तोंड दाखवू द्यायचं नाही, हे यातल्या कशातच बसत नाही. केंद्राला नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात ते विचारा. गुळमुळीत उत्तर आलं की फोन ठेवा.

पोलिसांची भीती असेल तर आणखी एक. एनडीपीएस कायद्यातच कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार पूर्ण करायची अट आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

हिंगोलीची_सून | बुधवार, रात्री १२.२०

हा धागा वाचून हात थरथरतायत. आमच्या ह्यांचं टॅपेंटाडॉल, ट्रामाडोलच्याच जातीची गोळी, चालू आहे, मणक्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष. शिक्षक आहेत. गावात कळलं तर काय होईल या भीतीनं मी कुणाला बोलले नाही. सासूबाईंना वाटतं मी संशय घेते. कुठून सुरुवात करू?

आज_नको | बुधवार, सकाळी ६.४०

ताई, फोनपासून करा. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर, १४४१६ हा टेलिमानस, सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, नाव नाही सांगितलं तरी चालतं. स्वतःसाठी लावा, ह्यांच्यासाठी नंतर. माझ्या बायकोनं आधी स्वतःसाठीच मदत घेतली होती. तिनं माझ्या शाळेत, सॉरी, ऑफिसात माझ्या वतीनं खोटं सांगणं बंद केलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि गावात कळायची भीती असेल तर दुसऱ्या जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजला जा. मी नांदेडचा असून लातूरला जायचो. एसटीत ओळखीचं भेटलं तर सांगायचो, जागा बघायला चाललोय.

बालाघाटचा_पोर | शनिवार, रात्री १०.१५

उशीर झाला, माफ करा. सगळं सांगतो.

आईला अंबाजोगाईला नेलं, स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजला. आधी फिटसाठी म्हणूनच नेलं, ते खोटंही नव्हतं. तिथून पुढं पाठवलं तर दारावर पाटी, 'मनोविकृतीशास्त्र विभाग'. आई फार शिकलेली नाही, पण अक्षरं जुळवून वाचते. वाचली आणि बाकड्यावर बसली ती उठेना. "मला येडी ठरवायला आनलंय व्हय?" तासभर बसलो. शेवटी मी कोठीतला डबा पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवला. म्हणलं, माय, यातली निम्मी मी आणलीत. तू आत येत नसशील तर मी एकटा जातो, कारण आणणाराही तितकाच आजारी.

ती बराच वेळ डब्याकडं बघत होती. मग म्हणाली, "तुला मोजताबी येईना. ह्यात तुझी निम्मी न्हाईत." आणि उठली.

आत मॅडमनं पाकिटं टेबलावर मांडली, तारखा बघितल्या. आईला एकदाही 'व्यसन' म्हणल्या नाहीत. पहिला प्रश्न विचारला तो असा: "दुखतं कुठं, हात लावून दाखवा." आईनं कंबर दाखवली, मग ओटीपोट, मग सांगायला लागली. ऑपरेशनचं तिनं स्वतःच सांगितलं, कोयत्याची_लेक ताई, मला बोलावं लागलं नाही.

दाखल करून घेतलंय. पॅरासिटामॉल पहिल्याच दिवशी काढलं. ट्रामाडोल वेगळं देतात, नर्ससमोर, आणि उतरवत नेणार आहेत. लिव्हरचा रिपोर्ट थोडा वर आहे, पण परत येण्यासारखा आहे म्हणाले. रात्री पाय आपटते. मी दाबत बसतो. चुलतभावाला त्या केंद्राचा नंबर डिलीट करायला लावला, तो माझ्यावर फुगलाय.

गोदाकाठचा_वाघ | शनिवार, रात्री १०.४०

भाऊ, माझी पहिली पोस्ट मागं घेतो. आईंना नमस्कार सांगा. मामांना फोन केला आज. ते म्हणाले त्या चार दिवसांत त्यांनाही फिट आली होती, आम्हाला वाटलं नाटक करतायत.

मेडिकलवाला | रविवार, सकाळी ११.००

डिस्चार्जच्या वेळी एकच माणूस ठरवा जो औषधं ताब्यात ठेवील, आणि चिठ्ठीवर नग आकड्यात आणि अक्षरात लिहून मागा. अक्षरात लिहिलेलं कुणी वाढवू शकत नाही.

बालाघाटचा_पोर | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितो.

आई ११ दिवस दाखल होती. पुढं घरी आणखी चार आठवडे थोडं थोडं कमी करत ट्रामाडोल बंद झालं. आता एक वेगळी गोळी आहे, मज्जातंतूंच्या दुखण्याची, ती भाऊ पेटीत कुलपात ठेवतो आणि रोज एक देतो. कंबरेचे व्यायाम लिहून दिलेत. आई ते पहाटे करते, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. दुखणं गेलेलं नाही. पाणी द्यायला आता भाऊ जातो, आई बांधावर बसून त्याला शिव्या घालते.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मुक्कामाची एसटी गाठून ती एकटीच तालुक्याला गेली होती. रिकाम्या हातानं परतली की नाही ते मला माहीत नाही. डॉकसाहेब, तुम्ही म्हणाल तपासायला हवं होतं. तपासलं नाही. पुढच्या तारखेला तिनं आपण होऊन मॅडमना सांगितलं, मी बाहेर होतो, काय सांगितलं ते दोघींनाच ठाऊक. मॅडमनं तारीख पंधरा दिवसांवरून आठ दिवसांवर आणली, एवढंच मला कळलं.

डब्याचं काय केलं असं आज_नको भाऊंनी विचारलंय. डबा आईनं घासून घेतला, त्यात आता तीळ आहेत.

उद्या सोमवारची तारीख. पहाटेची गाडी आहे. शेजारच्या काकूही येतायत सोबत, त्यांचा गुडघा दाखवायचाय म्हणे. पिशवी मी उचलून बघितली, गुडघ्याच्या मानानं जड आहे. आई म्हणाली, "राहू दे, तिचं ती दाखवल."